हुजूरची सात वाजताची गोळी

प्राणिमात्राच्या अंतरी जो चैतन्यरूपाने नांदतो, त्या औंढ्याच्या श्रीनागनाथास साष्टांग प्रणिपात करून हे लिहावयास बसलो आहे. आज कार्तिक वद्य अष्टमी, कालभैरवाचा जन्मदिवस. त्या देवाचे वाहन श्वान. म्हणून आमच्या घरी या दिवशी गल्लीतल्या कुत्र्यांना गूळ-भाकरी घालण्याची रीत आहे. सकाळी ती यथासांग पार पडली आणि पाठोपाठ मला ते गृहस्थ आठवले, ज्यांनी कळमनुरीत भिंतीला भिंत लावून राहताना माझ्या सोवळ्याची, पठणाची आणि सहनशक्तीची वर्षानुवर्षे परीक्षा पाहिली. देवाचे नाव घेऊन कोणाविषयी गाऱ्हाणे मांडू नये, हे मला कळते. तथापि जे घडले ते गाऱ्हाण्यावाचून सांगण्याचा मार्ग मला सापडलेला नाही.

ते पशुवैद्य होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण निवृत्तीचा अर्थ त्यांना अखेरपर्यंत उमगला नाही. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच गावचे. वडील नालबंद; बाजाराच्या दिवशी बैलांच्या खुरांना पत्र्या मारीत. वडिलांसाठी बैलाचा पाय धरता धरता हे शिकले आणि डॉक्टरसाहेब झाले. जनावरांशी ते अदबीने, 'तुमी' म्हणून बोलत. माणसांना, मग तो तहसीलदार असो, अरे-तुरे करीत. "तुमी जरा मान वर करा, तकलीफ होनार न्हाई," हे वाक्य कानी पडले की समोर म्हैस आहे असे निश्चित समजावे. मला मात्र ते 'गुरुजी' म्हणत. त्यांची एकुलती लेक शाळेत माझ्याकडे संस्कृत शिकली होती आणि वर्गात नेहमी पहिली येई. त्या ऋणाची फेड म्हणून त्यांनी मला जनावरांच्या बरोबरीचा मान दिला होता.

सदऱ्याच्या खिशात ते पेन आणि तापमापक शेजारी शेजारी ठेवीत. एकदा टपालकचेरीत मी त्यांच्याकडे पेन मागितले, त्यांनी न पाहता काढून दिले, आणि मी न पाहता, विचार करताना लागलेल्या सवयीने, त्याचे टोक ओठांशी नेले. ते पेन नव्हते. ते सकाळी कोणाच्या सेवेत होते हे साहेबांनी नंतर अत्यंत आनंदाने सांगितले. मी अर्ज न भरता घरी परतलो व डोक्यावरून स्नान केले.

माझ्या नातवाच्या बारशाचे आमंत्रण त्यांना होतेच. बायका पाळणा म्हणत असताना हे पुढे झाले, बाळाच्या टाळूवर तीन बोटे ठेवली, डोळे मिटले आणि भरल्या मांडवात निर्वाळा दिला, "बराबर हाये. पानी न्हाई डोक्यात." व्याह्यांच्या मंडळींना धक्का बसला. विहीणबाई मला बाजूला घेऊन विचारू लागल्या, "आधी तशी शंका होती का?" त्यांचे समाधान करण्यात माझी दुपार गेली. साहेब दोन पंगती जेवून निघून गेले.

आपल्याकडे फेफरे आलेल्याला चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात. माणसाला करतात तेच जनावराला. हा उपचार दिसला की साहेबांचा तोल सुटे. एकदा आठवडी बाजारात एका शेळीला झटके आले. मालकाने पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी नेली. साहेबांनी ती हिसकावून समोरच्या दुकानाच्या पत्र्यावर भिरकावली.

"अरे, नाकानं हवा घिऊ दे तिला! तुजी चप्पल हुंगून जर जीव वाचला असता तर दवाखान्यात आमी जोडेच टांगले असते!"

शेळी उठून चालू लागली. मालक मात्र एका पायात चप्पल घालून माझ्यामागे लागला, कारण साहेबांच्या बरोबर मी होतो. शिडी मीच मागून आणली. हे नित्याचे होते: भिरकावणार ते, शिडी आणणार मी.

एका दुपारी सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या वस्तीवरून एक मेंढपाळ बाई त्यांच्या ओट्यावर आली. तिच्या हातात पोते होते. तिने ते उघडून दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू काढले. त्याचे डोके घुमटासारखे वर आलेले, डोळे बाहेरच्या अंगाला व खाली वळलेले. भुईवर ठेवताच ते डाव्या बाजूने गोल गोल फिरू लागले, फिरत फिरत भिंतीपाशी गेले आणि भिंतीला कपाळ टेकून स्तब्ध राहिले. काही वेळाने आडवे पडून पाय झाडू लागले.

"मालक म्हनले, धरनात सोडून दे," बाई म्हणाली. "मी गेले बी व्हते, डॉक्टरसाहेब. पर हात न्हाई झाला माजा."

साहेबांनी त्याच्या टाळूवर बोटे ठेवली. बारशाच्या दिवशी ठेवली होती तशीच. पण या वेळी निर्वाळा निराळा होता. टाळूचे हाड जुळलेलेच नव्हते.

"जन्माचंच हाये हे. डोक्यात पानी सगळ्यांच्याच बनतं. तुझ्याबी, माझ्याबी, गुरुजींच्याबी. ते निघून जायला वाट असती. याची वाट आईच्या पोटातच बराबर झाली न्हाई. पानी साचून राहिलं, मेंदू दाबून राहिलं, म्हनून झटके. पिसाळनं येगळं, हे येगळं." मग एकदम आवाज चढवून, "याचा बाप कोन?"

बाईने पोत्याची घडी घातली. मग म्हणाली, "कुत्रीचा भाऊच की. घरचंच वान हाय. लांडग्याला भीत न्हाई. बाहेरचं काहून आनावं?"

"मागच्या येळी पिल्लं कशी व्हती?"

"दोन अशीच झाली. गावानं पिसाळली म्हनून मारली."

मी आमच्या ओसरीवर पोथी लावून बसलो होतो. भिंतीवरून साहेबांचे डोके आले. "गुरुजी, इकडं या. हिला सगोत्र समजावून सांगा."

मी म्हणालो, "गोत्र ऋषींवरून येते. ते मनुष्यांचे असते. श्वानास गोत्र नसते."

बाईने तोंडाला पदर लावला. "ऐका बया! कुत्र्याची बी सोयरीक गुरुजीनंच जुळवायची व्हय?"

साहेब हसले नाहीत. "तुमच्या ऋषींनी हे सांगितलं ते लेकरांच्या भल्यासाठीच ना? मंग कुत्र्याची लेकरं काय दगड हायेत?"

मी पोथी बंद केली. त्या प्रश्नाचे उत्तर मी तीन दिवस शोधले. धर्मशास्त्रावर आजवर पुष्कळ वाचले, लिहिले. परंतु या प्रश्नाशी येऊन थांबलो. चौथ्या दिवशी मी त्या बाईच्या वस्तीवरील कुत्र्यांची, तिने सांगितली तशी, तीन पिढ्यांची वंशावळ सुवाच्य अक्षरात लिहून दिली. कोणाचा संबंध कोणाशी घडू देऊ नये हे खाली स्पष्ट केले. पुढच्या विणीला तिने नरसी गावाकडून परका कुत्रा आणला आणि सगळी पिल्ले धड निघाली. साहेबांनी हे श्रेय मला दिले, तेही बाजारात, मोठ्याने. त्यानंतर कैक दिवस लोक मला कुत्र्यांची स्थळे विचारीत.

ते पिल्लू मात्र परत गेले नाही. साहेबांनी त्याचे नाव हुजूर ठेवले. साहेबांच्या पत्नीने निक्षून सांगितले की घरात नमाजाची जागा आहे, कुत्रे उंबऱ्याच्या आत येणार नाही. त्या माउलीविषयी मला तेव्हा जो आदर वाटला तो शब्दांत मावणार नाही. तो संध्याकाळपर्यंत टिकला.

"गुरुजी, तुमचा गोठा रिकामा हाये," साहेब भिंतीवरून म्हणाले.

मी नकाराची वाक्यरचना करीत होतो, तोवर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "असू द्या हो. गोठा काय देवघरात आहे?"

अशा रीतीने हुजूर आमचा झाला. म्हणजे कुत्रे साहेबांचे आणि तकलीफ आमची. त्याला सकाळी सातला एक गोळी व संध्याकाळी सातला एक गोळी भाकरीच्या तुकड्यात दडवून द्यावी लागे. त्या दोन्ही वेळा माझ्या संध्येच्या. ऐन अर्घ्यप्रदानाच्या क्षणी भिंतीवरून आवाज येई, "या हुजूर, तुमची वेळ झाली!" आणि हुजूर वाट चुकून माझ्या पाण्याच्या तांब्याभोवती प्रदक्षिणा घालू लागे. पण गोळ्यांनी झटके थांबले, हेही लिहिले पाहिजे. पिल्लू वाढले. बुद्धी बेताची, चाल तिरपी, स्वभाव अतिशय सालस.

वर्षभराने साहेबांची लेक बाळंतपणाला नांदेडच्या दवाखान्यात दाखल झाली. साहेब व त्यांच्या पत्नी आठ दिवसांसाठी निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी गोळ्यांचा डबा माझ्या हाती दिला आणि माझी शिकवणी घेतली.

"गोळी चुकवायची न्हाई. चुकली की झटका येतो आन् आला की थांबत न्हाई. झटका आला तर तोंडात हात घालू नका, चप्पल न्हाई, कांदा न्हाई. डोळ्यावर कपडा टाका, अंधार करा, आन् वेळ मोजा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर मेंदू जळून चालला समजा. मंग ही पिचकारी. सुई न्हाई हिला. शेपटी उचलायची आन्..."

"पुरे," मी म्हणालो.

"पुरं न्हाई, पूर्न ऐका."

मी पूर्ण ऐकले. ऐकून म्हणालो, "साहेब, हे माझ्या हातून होणे नाही."

"गोळी चुकली न्हाई तर पाळीच यायची न्हाई," ते म्हणाले आणि गेले.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी एकादशी आली. आमच्या घरी त्या दिवशी चुलीवर धान्य चढत नाही; भाकरी नाही. मी गोळी खिचडीत घातली. हुजूरने साबुदाणा वेचून खाल्ला आणि गोळी भुईवर ठेवली. रताळ्यात घातली, रताळे गेले, गोळी राहिली. ती हाताने त्याच्या जिभेवर ठेवणे मला शक्य नव्हते. गल्लीतल्या दुसऱ्या घरून भाकरीचा तुकडा मागणे शक्य होते, पण एकादशीला गुरुजींच्या घरून भाकरी मागायला आले असे कोणी म्हणू नये, असे मला वाटले. मी मनाशी ठरविले की एक दिवसाच्या उपवासाने आजवर कोणाचे वाईट झालेले नाही. संध्याकाळची गोळीही तशीच राहिली. माझ्या हातून ही चूक घडली ती अज्ञानाने नव्हे. मला नेमके सांगण्यात आले होते.

द्वादशीचा दिवस बाजाराचा. चुलीवर भाकरी अजून पडायची होती आणि मी सोवळे नेसून पूजा करीत होतो. दार उघडे राहिले आणि हुजूर गोल फिरत फिरत गल्लीत गेला. ओरडा ऐकून मी बाहेर धावलो. तो धुळीत आडवा पडला होता, पाय ताठ होऊन झाडत होता, तोंडाला फेस. भोवती बाजारचे लोक.

"पिसाळलं रे! फेस बघ, फेस!" कोपऱ्यावरचा पानवाला काठी घेऊन आला होता. "गुरुजी, बाजूला व्हा. चावलं तर चौदा इंजेक्शनं घेत बसताल."

"याला लस टोचलेली आहे," मी म्हणालो. "हे पिसाळलेले नाही. हे फेफरे आहे. याच्या मेंदूत जन्मापासून दोष आहे."

"तुमी काय कुत्र्याचे डॉक्टर झालाव का आता?" पानवाला म्हणाला. लोक हसले. त्याने काठी उचलली.

मी खाली बसलो. सोवळ्यासह, भर गल्लीत, धुळीत, कुत्रे आणि काठी यांच्या मध्ये. आयुष्यात प्रथमच मी कुत्र्याला हात लावला. अंगावरचे उपरणे काढून त्याच्या डोळ्यांवर टाकले. काठी वरच राहिली. एका सद्गृहस्थाने दयाबुद्धीने चप्पल काढून हुजूरच्या नाकाशी आणली. काय झाले मला ठाऊक नाही. मी ती त्याच्या हातून घेतली आणि फेकली. ती पत्र्यावर गेली नाही, माझ्या हातात तेवढे बळ नाही. पण गटारात गेली.

पूजेला बसताना घड्याळ मी काढून ठेवतो. म्हणून नित्याचे स्तोत्र मोठ्याने म्हणू लागलो, तेवढेच माझ्यापाशी मोजण्याचे साधन होते. तोवर सौभाग्यवती फोन घेऊन आल्या. पलीकडे साहेब ओरडत होते.

"किती मिनिटं झाली, गुरुजी?"

"स्तोत्र एकदा पूर्ण झाले, दुसऱ्यांदा मध्यापर्यंत आले."

"मिनिटं सांगा! मंत्र नका सांगू!"

"एकदा म्हणायला साडेचार मिनिटं लागतात यांना," सौभाग्यवती फोनमध्ये म्हणाल्या. "मी रोज त्याच्यावर भात उतरवते. आता साडेसहा झाली असतील."

"पिचकारी!"

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. पिचकारी त्यांनी आधीच आणली होती, पदराखाली. मी शेपटी उचलली. पुढचे लिहीत नाही. एवढेच सांगतो की ज्या हाताने क्षणापूर्वी देवाला गंध लावले होते त्याच हाताने ते केले. पानवाल्याने काठी खाली ठेवून तोंड दुसरीकडे वळविले. हुजूरचे पाय हळूहळू सैल झाले. श्वास सुरळीत चालू लागला.

"थांबलं," मी म्हणालो.

मग साहेब म्हणाले, "गोळी दिली व्हती ना?"

फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. माझे विद्यार्थी होते त्या गर्दीत, दोन पिढ्यांचे. क्षणभर मनात आले की 'दिली होती' म्हणावे. दिली होतीच की, त्याने ठेवून दिली. असा शब्दच्छल मला चांगला येतो.

"नाही," मी म्हणालो. "काल दोन्ही वेळा गेली नाही. एकादशी होती."

साहेबांनी फोन ठेवला.

दुपारी ते आले. नांदेडहून, मिळेल त्या जीपने. लेकीला सकाळीच मुलगी झाली होती, तिचे तोंड पाहून निघाले होते, असे नंतर त्यांच्या पत्नीकडून कळले. माझ्याशी न बोलता गोठ्यात गेले. हुजूर उठला होता पण त्याला दिसत नव्हते. भिंतीवर आपटत होता. साहेब त्याच्याजवळ बसून राहिले. "माफ करा हुजूर, आमी इथं नव्हतो," असे म्हणालेले मी ऐकले. तिन्हीसांजेला त्याची नजर परत आली आणि तो त्यांच्या बोटामागे मान वळवू लागला.

मग ते बाहेर आले आणि त्यांनी माझी कानउघाडणी केली. ओसरीवर उभे राहून, मोठ्याने. "जनावराला एकादशी कळती का? त्याच्या मेंदूला कळती का? देवानं त्याला उपास सांगितला व्हता का, गुरुजी?" शेवटी आत जाऊन गोळ्यांचा डबा आणला आणि त्यांच्यापुढे धरला. म्हणालो, "ही जबाबदारी माझ्या योग्यतेची नव्हती. आपण परत घ्यावी."

त्यांनी डबा घेतला नाही.

"ठेवा तुमच्याकडंच. मला अजून चार दिवस नांदेडला जायचंय. आन् आल्यावरबी तुमीच द्या. मी बुढा मानूस, माझी एखादी चुकंल. तुमची आता चुकत न्हाई."

मला त्यांचा एवढा राग यापूर्वी कधी आला नव्हता. दुसऱ्याच्या हाती डबा दिला असता तर मी झोपलो असतो. त्या रात्री झोपलो नाही. सकाळी सातला भाकरीत गोळी दडवली, हुजूरने ती खाल्ली, आणि ती पोटात गेल्याची खात्री करण्यासाठी मी दोन बोटांनी त्याचा जबडा उघडून आत पाहिले.

त्यानंतर जवळजवळ चार वर्षे हुजूर आमच्याकडे होता. प्रत्येक एकादशीला साहेबांच्या पत्नी भिंतीवरून ज्वारीची चतकोर भाकरी देत. मी ती घेत असे, आणि कोण काय म्हणेल याचा विचार करीत नसे. साहेब मात्र बदलले नाहीत. मला उसाचा रस पाजायला नेऊन रसवंतीतल्या बैलाची नाडी पाहिली, माझ्या मेहुण्याला पाठ दुखते म्हणून बैलाचे मलम दिले, माझ्या प्रत्येक गोष्टीत भिंतीवरून डोके घातले. फक्त सकाळ-संध्याकाळी सातच्या ठोक्याला ते अंगणात असले तरी पाठ करून उभे राहत. 'गोळी दिली का?' असे त्यांनी मला पुन्हा एकदाही विचारले नाही. हुजूर झोपेत गेला, झटक्यात नव्हे. त्या दिवशीही विचारले नाही.

वाचकहो, तुमच्या घरातही कोणी असेल, ज्याचे बरेवाईट तुमच्या हातातल्या नेमक्या एका वेळेवर अवलंबून आहे. आजारी माणूस असेल, मुके जनावर असेल. ती वेळ तुमच्याकडून कधी न चुको. आणि चुकलीच, तर खरे बोलण्याचे बळ मिळो, आणि पुन्हा विश्वास ठेवणारा कोणी शेजारी लाभो. तुमच्या उंबऱ्याच्या आतील व बाहेरील सर्व जीव निरामय राहोत. शुभं भवतु.